साखरझोप कुणी खाल्ली?

सिस्टर, नमस्कार.

मी पलूस तालुक्यातली, वय ४२. आमचा अडीच एकर ऊस आहे, दोन म्हशी आणि एक जर्सी गाय. मळ्यातल्या मोटरीला एक आठवडा दिवसाची लाईट असते, एक आठवडा रात्रीची. रात्रीची असली की मालक दहाच्या सुमाराला बॅटरी घेऊन मळ्यात जातात. कधी दोनला येतात, कधी उजाडल्यावर. ते येईपर्यंत मला झोप लागत नाही, उसातनं काय निघेल सांगता येत नाही. मुलगा बारावी सायन्सला आहे, त्याचा दिवा दोनपर्यंत चालू. मी साडेचारला उठते, सहाला डेअरीत दूध पोचायला लागतं. गेल्या वर्षापासून असं झालंय की दिवसाची लाईट असली तरी माझा डोळा लागत नाही. अकराला पडते आणि एकला टक्क जागी होते. मालक शेजारी घोरतात, मध्येच आवाज बंद होतो आणि मग हिसका देऊन श्वास घेतात. मी आढ्याकडं बघत पडते. परवा आठवीतली मुलगी डबा विसरली म्हणून तिच्यावर हात उचलला. आजवर असं कधी केलं नव्हतं. मेडिकलमधनं झोपेची गोळी आणली. आधी अर्धीवर भागायचं, आता एक पुरत नाही. दोन महिने झाले. मध्ये दोन दिवस बंद केली तर हात थरथरायला लागले, म्हणून परत सुरू केली. सासूबाई म्हणतात, काम कमी पडतंय. मुलगा म्हणतो, टॉपर पोरं चारच तास झोपतात. मला गोळी कायमची चालेल का, एवढंच सांगा.

ताई,

नाही चालणार. पण आजच्या आज बंदही करू नका. हे सगळ्यात आधी सांगते, कारण बाकीचं आठवडाभर थांबलं तरी चालेल, हे थांबणार नाही.

गोळीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. पण अर्धीची एक झाली आणि सोडल्यावर हात थरथरले, यावरून ती अल्प्राझोलामच्या जातीतली असावी असं वाटतं. या गोळ्यांची मेंदूला सवय लागते. तेवढ्याच गुंगीसाठी डोस वाढवावा लागतो आणि एकदम तोडली तर थरथर, घाम, घालमेल सुरू होते, एखाद्याला झटकेही येतात. म्हणून ती पायरीपायरीने, काही आठवडे घेऊन आणि डॉक्टरांच्या सांगण्यानेच उतरवायची असते. पाकिटावर लाल चौकटीत इशारा छापलाय का बघा. असेल तर ते औषध शेड्यूल एच-वन मधलं आहे. चिठ्ठीशिवाय ते विकायचं नसतं, आणि विकलं तर दुकानदाराने डॉक्टरचं, पेशंटचं नाव आणि किती दिलं ते वहीत लिहून ती नोंद तीन वर्षं ठेवायची असते. २०१४ पासून हा नियम आहे. तुमच्या मेडिकलवाल्याने वही उघडली होती का? असो. त्याच्याशी भांडण्यात शक्ती घालवू नका. रिकामं पाकीट पर्समध्ये टाका आणि या आठवड्यात डॉक्टरांकडे जा. एमडी फिजिशियन चालतील, मानसोपचारतज्ज्ञ असतील तर उत्तम. "दोन महिने घेतेय, सोडली तर हात कापतात" हे त्यांना आल्या आल्या सांगायचं, लाजायचं नाही.

आता मुलीचं. ते वाक्य तुम्ही डब्याच्या आणि गोळीच्या मधे दडपून लिहिलंय, पण पत्र लिहायला बसलात ती त्याच्यामुळेच, असं मला वाटतं.

मी एका सरकारी दवाखान्यात बरीच वर्षं रात्रपाळ्या केल्या. सलग पाचव्या रात्री, पहाटे चारच्या सुमारास, मी सलाईनची बाटली घेऊन एका आजीच्या खाटेपाशी उभी राहिले. सुई टोचणार तेवढ्यात आजी म्हणाली, "पोरी, ते पलीकडचीला हाय. माझं काल काढलंय तुम्हीच." मला त्या आजीचा राग आला. लाज नाही, भीती नाही, राग! ड्युटी संपवून घरी जाऊन झोपले आणि दुपारी उठल्यावर पोटात गोळा आला. पहाटे जी बाई आजीवर चिडली होती ती आणि ही दुपारची, दोघी मीच, मधे फक्त एक झोप होती.

मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो, अमिग्डाला. भीती आणि संताप तिथून उठतात आणि कपाळामागचा भाग त्याला आवर घालतो. २००७ मध्ये अमेरिकेत काही निरोगी माणसांना एक रात्र जागवून मेंदूचे फोटो घेतले. वाईट चित्रं दाखवल्यावर त्यांचा अमिग्डाला झोपलेल्यांपेक्षा ६० टक्के जास्त उसळत होता आणि कपाळाशी त्याची जोडणी ढिली पडली होती. ही एका रात्रीची गोष्ट. तुमचं वर्ष झालंय. याचा अर्थ मुलीची माफी मागायची नाही असा नाही. मागा, आणि मागताना कारणही सांगा. आठवीतल्या पोरीला कळतं. पण "माझा स्वभावच बिघडला" असं स्वतःशी घोकू नका.

तुम्हाला नेमकी कोणती झोप मिळत नाही, तेही सांगते. रात्रभर झोप सारखी नसते. साधारण दीड तासाचा एक फेरा, असे रात्रीत चार ते सहा फेरे होतात. पहिल्या फेऱ्यांमध्ये गाढ झोप जास्त. अंगाची डागडुजी तेव्हा होते. एरवीही रात्रीच्या झोपेत ब्लड प्रेशर दहा ते वीस टक्के खाली येतं, हृदयाला तेवढीच सुट्टी मिळते. पहाटेच्या फेऱ्यांमध्ये स्वप्नांची झोप जास्त असते. दिवसभरातलं बोलणं, अपमान, धास्ती यांची धार तेव्हा बोथट होते, असं या विषयातले बरेच संशोधक मानतात. आपल्या भाषेत या पहाटेच्या झोपेला फार पूर्वीपासून नाव आहे, साखरझोप. गंमत बघा, अख्खा जिल्हा साखरेवर जगतो आणि ही एक साखर बायकांच्या वाट्याला येत नाही. साडेचारला उठता म्हणजे तुमची कापली जाते ती बरोबर हीच झोप. एकला जाग आली की गाढ झोपेतलीही थोडी जाते. उरतं काय, तर डोळे मिटून पडणं.

शरीराचं बिल वेगळं येतं, आणि ते उशिरा येतं. १९९९ मध्ये शिकागोत ११ धडधाकट तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. आठवडाभरात त्यांचं शरीर साखर पचवायला कमी पडू लागलं, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसासारखं. खाणं तेच, वय विशीतलं, बदलली फक्त झोप. अपुऱ्या झोपेने भूक लावणारं हार्मोन वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं कमी होतं. रात्री अकराला बिस्किटाचा पुडा संपतो तो यामुळे, जीभ चंचल म्हणून नव्हे. बीपी, शुगर, वजन, वरचेवर सर्दी, सगळ्यांचा झोपेशी संबंध आहे. तुमच्या घरात कुणाला शुगर असेल तर ही ओळ दोनदा वाचा.

आणि एक फसवी गोष्ट. २००३ च्या एका अभ्यासात काही जणांना दोन आठवडे रोज सहाच तास झोपू दिलं. शेवटी त्यांचं लक्ष आणि चपळाई एक-दोन रात्री सलग जागलेल्या माणसासारखी ढिली झाली होती. पण विचारलं की म्हणायचे, थोडी पेंग येते, बाकी ठीक आहे. कमी झोपेची सवय होते ती अशी. मोजपट्टीच आखूड झाली की सगळं मापात दिसायला लागतं. मोठ्या माणसाला किमान सात तास लागतात, तुम्हाला, मला आणि चार तासांच्या गप्पा मारणाऱ्या पुढाऱ्यालाही.

आता रिकाम्या रात्रीही झोप का येत नाही. वर्षभर तुम्ही अंथरुणावर झोपत नव्हता, पहारा देत होता. मोटरसायकलचा आवाज आला का, कुत्रं का भुंकलं, लाईट गेली का. शरीर शिकलं की अंथरूण म्हणजे जागायची जागा. आता मालक घरात असले तरी ते शिकलेलं विसरत नाही. याच्यावर गोळीपेक्षा टिकाऊ उपाय आहे. त्याला निद्रानाशाची वर्तन-उपचार पद्धती म्हणतात. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर गोळीच्या आधी हेच करा, असं सांगितलं. त्यातलं जे घरी करता येतं ते असं. झोप आल्यावरच अंथरुणावर जायचं. वीसेक मिनिटं झाली आणि टक्क जाग आहे असं वाटलं तर उठायचं, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करायचं, लसूण सोला, वाती वळा, आणि पेंग आली की परत. मिनिटं घड्याळात बघून मोजायची नाहीत. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवायचं, कारण "एक वाजला, आता साडेतीन तासच राहिले" हा हिशोब झोपेचं खोबरं करतो. झोप कशीही लागो, उठायची वेळ रोज तीच. दुपारी पडायचं तर तीनच्या आत आणि वीस-पंचवीस मिनिटं, वामकुक्षीपुरतं. पहिले आठ-दहा दिवस जास्तच दमल्यासारखं वाटेल. तेव्हा विळा, कडबाकुट्टी यंत्र आणि गाडी यांपासून जरा जपा.

चहाचं विचारायचं राहिलंच. संध्याकाळची धार काढून झाल्यावर तुम्ही कपभर घेत असणार, घेता ना? चहातलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात. सहाचा चहा अकरालाही निम्मा अंगात असतो. दुपारी दोननंतर नको. मोबाईल उशाशी नको, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

पण हे सगळं केलं आणि साडेचारचा गजर तसाच ठेवला, तर काही उपयोग नाही. तुमच्या पत्रात मला आजार कमी आणि हिशोब जास्त दिसतो. महावितरणची रात्रीची लाईट, डेअरीची वेळ, पोराची परीक्षा, या सगळ्यांचा खर्च घराने एकाच खात्यातून भागवलाय, तुमच्या झोपेच्या. घरातली सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे बाईची झोप. ती मागितली की मिळते, आणि कुणी पावती मागत नाही. म्हणून पुढचं तुमच्यासाठी नाही, घरातल्या बाकीच्यांसाठी आहे. हवं तर वाचून दाखवा.

मालकांना आधी दवाखान्यात न्या. घोरणं, मध्येच श्वास थांबणं, हिसका देऊन परत सुरू होणं, हा स्लीप अॅप्निया असू शकतो. झोपेत घसा मिटतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून उठवतो, आणि हे तासात अनेकदा होतं. माणसाला सकाळी काहीच आठवत नाही. डोकं जड असतं, दुपारी बसल्या जागी डुलकी येते आणि बीपी औषधालाही दाद देत नाही. एका रात्री त्यांच्या घोरण्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, झोपेची तपासणी कुठे होते ते फिजिशियन सांगतील. निदान झालं तर झोपताना नाकावर मास्क लावून हवेचा दाब देणारं यंत्र मिळतं. बायको शांत झोपायला लागते, हा त्याचा जोडफायदा.

आणि मळ्यातली रात्र. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची चपळाई रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्यासारखी होते, असं १९९७ मध्ये मोजलं गेलं. आपल्याकडे गाडी चालवायला कायद्याने मर्यादा आहे ०.०३ टक्के. पहाटे पाचला उठलेला माणूस रात्री दहाला बरोबर १७ तासांवर असतो, आणि त्याच वेळी तो ओल्या हाताने स्टार्टरच्या पेटीला हात घालतो, अंधारात बांधावरून चालतो. रात्रीची लाईट असेल त्या आठवड्यात मालकांनी दुपारी दीड-दोन तास झोपायचंच. त्याला आळस म्हणणाऱ्याला मळ्यात पाठवा. शेजारच्या दोन-तीन बांधकऱ्यांना घेऊन रात्री वाटून घ्या. भांगलणीला पैरा करता, तसा पाण्याला करा, एका रात्री एकाने तिघांच्या मोटरींवर लक्ष ठेवायचं. मोबाईलवरून चालू-बंद होणारा स्टार्टर बऱ्याच जणांनी बसवलाय, ठिबक असेल तर त्याचा खरा फायदा होतो. दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे. तुमचा फीडर तिच्यात आहे का, याची चौकशी ग्रामपंचायतीत आणि महावितरणच्या कचेरीत करून ठेवा. आणि मालकांनी मोटर सुरू केली की एक मिस कॉल, घरी निघताना एक. तुम्ही मधे झोपायचं. पहारा मिस कॉलवर सोडून द्या.

चिरंजीवांसाठी. बाळा, तुझ्या वयात झोपेचं घड्याळ उशिरा वाजतं हे खरं आहे. मेंदूतून मेलाटोनिन उशिरा सुटतं, म्हणून तुला दहाला झोप येत नाही. त्यात तुझा दोष नाही. पण तुझ्या वयाला लागतात आठ ते दहा तास. १९२४ मध्ये जेन्किन्स आणि डॅलनबाख या दोघांनी विद्यार्थ्यांना निरर्थक शब्द पाठ करायला लावले. पाठ करून झोपले तेव्हा त्यांना जागं राहिल्यापेक्षा कितीतरी जास्त आठवलं. शंभर वर्षांत या गोष्टीला कुणी धक्का लावू शकलं नाही, उलट झोपेत मेंदू दिवसाचा अभ्यास पक्क्या जागी कसा हलवतो ते कळत गेलं. रात्री एकनंतर वाचलेली बायोलॉजी ही गळक्या घागरीत ओतलेलं पाणी आहे. बोर्डाचा सकाळचा पेपर अकराला असतो, "नीट"चा दुपारी. रात्री दोनला कोणतीच परीक्षा नसते. साडेदहाला दिवा बंद, साडेसहाला उठ. आणि उठल्यावर गाय-म्हशींना वैरण टाकायची. आईने धार काढायची, डेअरीत दूध बाबांनी घालायचं. मालक रात्री मळ्यात गेले असतील तर ते दूध संध्याकाळच्या दुधात जाऊ दे किंवा शेजाऱ्याच्या किटलीबरोबर जाऊ दे. तेवढं ठरवा तुम्ही आपसात. आईचा गजर साडेपाचच्या आधी वाजता कामा नये, बस्स.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांचंही चुकीचं नाही. त्यांच्या तरुणपणी दिवेलागणीनंतर दोन तासांत गाव झोपायचं, आता पोराचा दिवा, फोन आणि मोटरींची वेळ गावाला झोपू देत नाहीत. त्यांना पंढरपूरची आठवण करून द्या. आषाढीच्या गर्दीत दर्शन दिवसरात्र चालू राहावं म्हणून विठ्ठलाचा पलंग काढतात. देव तेवढे दिवस झोपत नाही. पण वारी संपली की प्रक्षाळपूजा होते, देवाला न्हाऊ घालतात, शिणवटा जावा म्हणून काढा देतात आणि पलंग परत येतो. आमच्या आई म्हणायच्या, देवालासुद्धा ड्युटीनंतर ऑफ मिळतो. जुनं हवं असेल तर चरकाने शरीराचे तीन आधार सांगितलेत, त्यात आहाराच्या शेजारी निद्रा आहे. तुमच्या सुनेची प्रक्षाळपूजा वर्षभर राहिलीय, असं त्यांना हसत हसत सांगून बघा.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्या. लोह कमी असलं की रात्री पाय वळवळतात आणि झोप मोडते. बायकांना याला नाव देता येत नाही, म्हणून त्या "पाय दुखतात" म्हणतात. ४२ वय आहे, पाळी मागेपुढे होत असेल, एकला जाग येते तेव्हा अंगातून वाफ निघाल्यासारखं होऊन घाम येत असेल, तर तेही सांगा. रडू, उदासी, कशातच मन न लागणं, जगणं नको वाटणं, यातलं काही दोन आठवड्यांहून जास्त असेल तर ते नुसतं जागरण नाही. निद्रानाश आणि नैराश्य एकमेकांचा हात धरून येतात, आणि कोण आधी आलं ते शोधत बसायचं नसतं, दोघांवर एकदम उपचार होतात. बोलायला कुणी नसेल तर १४४१६ लावा. सरकारची टेलीमानस हेल्पलाईन आहे, फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं.

तर क्रम असा. या आठवड्यात गोळीचं पाकीट घेऊन डॉक्टर, जाताना मालकांनाही बरोबर घ्या, म्हणजे एका एसटीत दोन कामं. तोवर गोळी आहे तेवढीच, वाढवायची नाही. आज रात्री घड्याळ भिंतीकडे. आणि मुलीला जवळ घ्यायचं राहिलं असेल तर ते आज संध्याकाळीच, धारेच्या आधी.

तुमची,
सिस्टर